शिंकेवर चालणारी सायकल

पुढे सांगतो ती गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. सगळी मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिली आहे. (डोळे त्या वेळी मिटलेले होते, पण त्याचं कारण पुढे येईलच.)

झालं असं की माझा मेहुणा हेमकांत याने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि ती आमच्या दारात अजिबात आवाज न करता उभी केली. आवाज केला असता तर मी सहन केलं असतं. ती शांतता माझ्या काळजाला लागली. दुसऱ्याच दिवशी मी भंगार बाजारातून एक जुनी हब मोटर उचलली. हब मोटर म्हणजे चाकाच्या पोटातच बसणारी मोटर.

"सुरतमा पिझ्झा पोचाडे हाई मोटर, भाऊ," विकणारा नवनीत म्हणाला. "थांबनं हिले माहीतच नही."

(ही तारीफ नसून इशारा होता, हे मला फार उशिरा कळलं.)

मोटर, बॅटरी, कंट्रोलर, सगळं मी स्वतःच्या हाताने जोडलं. ब्रेक दाबल्यावर मोटर बंद करणारी एक वायर तेवढी शेवटी उरली. सामान उरलं म्हणजे कारागीर काटकसरी, असं मानून मी ती खिशात घातली.

नूतन, म्हणजे आमची गृहमंत्री, दारात उभी राहून बघत होती. "आयका. रविवारले भाऊना घर जेवाले जानं शे. पाय न हालाडता मले तठे पोचाडा. जरा बी पाय हालना, ते सायकल भंगारमा."

"आणि पोचवलं तर?"

"ते मी भाऊले सांगसू, मन्हा नवरा इंजिनेर शे."

लग्नापासून तिने माहेरी माझ्याबद्दल काय काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे. हे वाक्य काहीही झालं तरी कमवायचंच, असं मी ठरवलं.

रविवारी नूतन मागे कॅरिअरवर बसली, मांडीवर शिऱ्याचा डबा. मी मूठ पिळली आणि सायकल अशी सुटली की रस्त्याकडेचे लिंब मागे पळताना एकमेकांवर आदळायला लागले. एका रिक्षावाल्याने मला पाहून हात जोडले. (तिथे मारुतीचं देऊळही आहे, पण तो नमस्कार मी माझ्याच खात्यात धरला.)

हेमकांतच्या घराअलीकडे मिरचीच्या पथारी लागतात. मिरची मैदानभर सुकायला पसरलेली, बरीचशी वाळून कडक झालेली. अस्सल नंदुरबारकराला मिरचीने शिंक येत नाही असं म्हणतात. मला आली. शिंक आली की मूठ आवळते, मूठ आवळली की मोटरला जोर चढतो. आम्ही रस्ता सोडून थेट पथारीत. चाकाखाली मिरची, मिरचीची धूळ, धुळीने शिंक, शिंकेने पुन्हा जोर.

"ब्रेक दाबा," मागून नूतन.

"दाबलाय. वायर खिशात आहे."

"मंग पाय टेका."

"टेकणार नाही. अट तुझीच आहे."

पथारीवर मिरची निवडणारी गजराबाई उठून उभी राहिली. "भाईदासभाऊ, मिरची जोयजे व्हती ते मांगी लेवानी."

तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आणखी एक शिंक आली. मैदानाला तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला शिंक नेमकी वळणावर आली, सायकल बाहेर उसळली आणि हेमकांतच्या फाटकाला टेकूनच थांबली. पाय माझे पायडलवर, जसेच्या तसे.

हेमकांत बाहेर आला. आम्ही दोघं नखशिखान्त लाल, शिरासुद्धा लाल.

"दाजी," तो म्हणाला, "होळीले टाईम शे आजून."

नूतन खाली उतरली. पदर झटकला, तसा तोही शिंकला.

"हेमकांत, मन्हा नवरा इंजिनेर शे," ती म्हणाली. "आते पह्यले पानी दे. डोया उघडत नही."

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मी लाल तोंडाने आणि फुगलेल्या छातीने जेवलो. सायकल आजही आमच्या ओट्यावर आहे.

आता एक कबुली देऊन टाकतो. मोटर खरी, शिंका खऱ्या, नूतनचं वाक्य तर त्रिवार खरं. खोटा होता तो फक्त वेग. गजराबाई त्या सगळ्या फेऱ्यांत खराटा घेऊन आमच्या शेजारून चालत होती, विस्कटलेली मिरची सारखी करत, नूतनशी आपल्या सुनेबद्दल बोलत. एका वळणावर ती बोलण्याच्या नादात पुढे निघून गेली. मग आमच्यासाठी थांबली.