दसारामजी आणि विलायती गुलाब

दसारामजी गवंडी कामावर आले की आधी भिंतीवर बोटांनी टकटक करीत, मग तिला कान लावीत आणि मला गप्प बसायला सांगत. "भीत काय म्हनते थे आयकू द्या."

गोंदियाच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा स्टेशनामागचं एक जुनं घर मला भाड्यानं मिळालं. स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली होती. आधी तिथे एक गोरा इंजिनीअर राहायचा. त्यानं आतल्या खोलीच्या भिंतींना फुलाफुलांचा विलायती कागद लावून घेतला होता. आता त्याला कुबट वास येई. माझी बायको तान्ह्या मुलीला घेऊन माहेरहून आठ दिवसांत यायची होती. कागद काढून भिंती गुळगुळीत करून द्या, एवढंच मी दसारामजींना सांगितलं.

मला वाटलं, खरवडतील आणि चुना फासतील. पण पहिले तीन दिवस हे गृहस्थ कोमट पाण्याच्या फडक्यानं कागद नुसता भिजवत बसले. मग कोपरा नखानं सोडवून, तव्यावरचं धिरडं उचलावं तसा अख्खा ताव उतरवायचा आणि ओसरीवर सावलीत वाळत घालायचा. थापीनं ओढून काढा की, असं मी सुचवलं.

"घाई कायले करता गुरुजी? कागद फाटला त भीत रुसते."

भिंत रुसते म्हणजे काय करते, ते मला कळलं नाही. चौथा दिवस कागदाखालची जुनी खळ धुण्यात गेला. खळ राहिली तर वरचा चुना पापुद्र्यांनी सुटतो, हे मात्र पटलं. पाचव्या दिवशी त्यांनी खिळ्यांची भोकं बुजवली, मुरवलेल्या चुन्याची नीरू कालवली आणि एका भिंतीवर तिचा पातळ हात फिरवला. भिंत अंड्याच्या कवचासारखी झाली. त्यानंतर दसारामजी दोन दिवस आलेच नाहीत. ओसरीवरचे तावही नव्हते.

बायकोची गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी विचारत विचारत गावाबाहेर धानाच्या बांध्यांपाशी त्यांचं घर गाठलं. आत खाटेवर त्यांची बायको सखूबाई पडून होती. अर्धं अंग लुळं पडून वर्ष झालेलं. खाटेसमोरच्या मातीच्या भिंतीला नीरूचा गुळगुळीत हात दिलेला, आणि तिच्यावर साहेबाचे ताव. दसारामजी शेवटचा ताव तळव्यानं दाबत होते. मला पाहून ते वर्गात पकडलेल्या पोरासारखे ओशाळले.

पंधरा वर्षांपूर्वी तो कागद त्यांनीच लावला होता, असं त्यांनी सांगितलं. सखूबाई आठ दिवस बाहेर अंगणात चुलीवर खळ शिजवत होती. साहेबाच्या मडमेनं तिला घरात पाऊल टाकू दिलं नाही. ती रोज विचारायची, फुलं कशी आहेत.

"मी सांगो, गुलाब आहेत."

सखूबाई भिंतीकडे बघत होती. जड जिभेनं, थांबत थांबत म्हणाली, "गुरुजी, तुमी शिकलेले. हे गुलाब नोहोय वाटते. कोन्तं फूल आय?"

मी निरखून पाहिलं. निळ्या पाच पाकळ्या, पानं पडवळाच्या वेलासारखी. मला काही ओळखता येईना. दसारामजी आपल्या चुन्याच्या हातांकडे बघत उभे होते.

"गुलाबच आहे, काकू," मी म्हणालो. "विलायती गुलाब असाच असतो."

तिनं मान हलवली आणि पुन्हा फुलांकडे तोंड केलं. दसारामजींनी थापी उचलली आणि ते माझ्याबरोबर निघाले. आपण इतक्या सहज खोटं कसं बोललो, हे मला घर येईपर्यंत समजलं नाही.