शिवलेली पानं

किसनमामा पुस्तक घ्यायला आले, की आधी ते पालथं करतात. मागच्या कव्हरवर लेखकाचा फोटो असतो. तो डोळ्यांजवळ धरतात, बराच वेळ निरखतात आणि मला विचारतात, "ह्यो मारतो का?"

"कुणाला?"

"कुणालाबी. दिसायला तर गरीब दिसतंय. पण लेखकाचा काय भरवसा?"

घाटनांदूरच्या आमच्या वाचनालयात मी सतरा वर्षं ग्रंथपाल आहे. अक्षर मोठं आहे का, असं विचारणारे पुष्कळ भेटले. यात कोण मरतं, हे विचारणारे मामा एकटेच. त्यांनी जन्मभर शिवणकाम केलं. पूर्वी गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ते त्याचं माप ओळखायचे. आता पहिल्या वीस पानांत कोण जाणार ते ओळखतात.

"खोकला आला की संपलं," ते सांगतात. "गोष्टीत कुणी फुकट खोकत न्हाई, सर. अन् एखादी म्हातारी लई माया करायला लागली, की तिचं बी धरून चाला."

माझा स्वभाव संशयी आहे. बायको तसं रोज म्हणते आणि मी नाकारत नाही. पुस्तक परत आलं, की मी पान न पान उलटून बघतो. एकदा मामांनी आणून दिलेल्या कादंबरीत चार पानं एकमेकांना शिवलेली निघाली. कडेनं बारीक, सरळ टाके, पांढरा दोरा. पुढच्या पुस्तकातही तेच, त्याच्या पुढच्यातही. म्हटलं, म्हातारा आत काहीतरी दडवतोय. पानं उजेडाला धरली, चाचपली, वास घेऊन पाहिला. शेवटी ब्लेडनं टाके उसवले. आत नायिकेचा भाऊ मेला होता, दुसरं काही नाही. पुढच्या पुस्तकात आजोबा. तिसऱ्यात तर बैल.

पण तो बैल उसवताना एक गोष्ट खटकली. टाक्यांची भोकं दुहेरी होती आणि वरचा टाका जरा वाकडा होता. म्हणजे मामांनी शिवलेलं कुणीतरी माझ्याआधी उसवलं होतं आणि परत शिवलं होतं. आता मात्र मला राहवेना.

मामा रोज चारला स्टँडवर चहाला जातात. एके दिवशी बरोबर चारला मी त्यांच्या घरी जाऊन उभा राहिलो. मामी खाटेवर बसल्या होत्या. त्यांचं हृदयाचं दुखणं साऱ्या गावाला ठाऊक आहे. मामा महिन्याच्या महिन्याला त्यांना अंबाजोगाईला दाखवून आणतात. मामींच्या मांडीवर आमचं पुस्तक होतं आणि हातात सुई.

त्यांनी सुई लपवली नाही. "बसा सर. सापडले म्हणायचं मी."

"मामी, हे काय चाललंय?"

"पुस्तक आधी ते वाचत्यात. कुणी मेलं, की ती पानं शिवत्यात, मग माझ्याकडं देत्यात. मला धसका बसंल म्हणून. मी आपली ते चहाला गेले, की उसवते, वाचते अन् परत शिवते. कोण गेलं ते कळल्याबिगर पुढचं कसं वाचावं?"

"मग तसं सांगा की त्यांना."

"कावून सांगू? मी रडते अन् मोकळी होते. त्यांचं तसं न्हाई. त्या बैलापायी दोन दिस जेवले न्हाईत. मला म्हणले, पोट बिघडलंय."

मी उठायला लागलो, तशा मामी म्हणाल्या, "सर, एक काम करा. बायको मेल्यावर माणूस नीट जेवतो-खातो, चहाला जातो, असं एखादं पुस्तक असंल तर त्यांना द्या. मागल्या खेपेला ते औषधं आणायला गेलते, तवा डाक्टरनं मला सांगितलं. आता लई दिवस न्हाईत. त्यांना ठाऊक न्हाई."

ऐकून मला तिथंच रडू आलं. ज्या बाईला चोर म्हणून धरायला गेलो, तिनंच मला पाणी दिलं.

आठ दिवस मी कपाटं धुंडाळली. आमच्याकडच्या कादंबऱ्यांत बायको मेली, की नवरा दारूला लागतो, नाहीतर दुसरं लग्न करतो, नाहीतर पुस्तकच संपतं. शेवटी तळाच्या फळीवर एक सापडलं. जुनं, कव्हर गेलेलं.

सोमवारी मामा आले. पुस्तक पालथं केलं, तर फोटो नाही.

"कोण मरतं?"

"बायको."

मामांनी पुस्तक टेबलावर ठेवून दिलं.

"पण मामा, त्याच्यापुढं सत्तर पानं आहेत," मी म्हणालो. "तो माणूस भाकरी करायला शिकतो."

लेखकाच्या फोटोकडं बघतात, तसे ते माझ्याकडं बघत राहिले. माझ्या तोंडावर त्यांना काय दिसलं, कोण जाणे.

"जमती का त्याला?"

"आधी करपते."

"मग?"

"मग जमते."

मामांनी पुस्तक काखेत मारलं आणि निघाले.

पंधरा दिवसांनी ते परत आलं. मी सवयीनं पान न पान उलटलं. एकही टाका नव्हता. भाकरीच्या पानावर मात्र ज्वारीचं पीठ लागलेलं होतं.