उत्तर केंद्रावरील कावळ्यास भात घालण्याबाबत

एकांत ही एकट्याने करायची गोष्ट नाही. त्यासाठी किमान अकरा माणसं, तीन जनरेटर आणि दूर कुठेतरी गरम खोलीत बसलेली एक समिती लागते. हे मला अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या संशोधन केंद्रात आल्यावर कळलं. त्याआधी मी जॉर्जियात, अल्फारेटाला, चार बेडरूमच्या घरात एकटा राहत होतो आणि त्यासाठी कुणाचीही परवानगी लागली नव्हती. अमेरिकन व्यवस्थेतली ही एक त्रुटी आहे.

केंद्राचं काम हवा मोजणं. जगातली सगळ्यात स्वच्छ हवा इथे मिळते, आणि ती किती घाण झाली आहे हे बघायला आम्हाला पाठवलं आहे. सकाळ झाली, की (हिवाळ्यात सकाळ ही मानण्यावर असते) मी कपड्यांचे थर चढवतो, दाराजवळच्या फळ्यावरचा माझ्या नावाचा बिल्ला ‘आत’वरून ‘बाहेर’वर सरकवतो, वायरलेसवर बाहेर पडत असल्याचं जाहीर करतो आणि दारातच उभा राहतो, कारण नियमाप्रमाणे एकट्याने बाहेर पडता येत नाही. मग जोडीदार येतो. जोडीदार म्हणजे बंदूक घेऊन मागून चालणारा माणूस. तो पांढऱ्या अस्वलांवर लक्ष ठेवतो, मी पायाखाली. असे आम्ही हवेच्या खोपटापर्यंत जातो आणि तिथे मी मऊ ब्रशने उपकरणाच्या काचेवरचं दंव झाडतो. यासाठी मी पीएच.डी. केली आहे.

दंव झाडून झालं की परत यायचं, बिल्ला ‘आत’वर सरकवायचा आणि आकडे बघायचे. आकडे कालच्यासारखेच असतात. वेगळे असले तर उपकरण बिघडलेलं असतं. आठवड्यातून दोनदा अंघोळ. कचऱ्याची विभागणी बारा प्रकारांत. (चहाची पिशवी एकटी तीन प्रकारांत मोडते: दोरा, कागद आणि चोथा.) दर गुरुवारी डेन्व्हरहून एका मानसतज्ज्ञ बाईंचा फोन. त्या विचारतात, या आठवड्यात आपल्याला एकटं वाटलं का? कधीच नाही, कधीकधी, की नेहमी? मी ‘कधीकधी’ म्हणतो. ‘कधीच नाही’ म्हटलं तर त्यांना संशय येतो आणि ‘नेहमी’ म्हटलं तर विमान पाठवतात. केंद्रातल्या शंभर टक्के लोकांना कधीकधी एकटं वाटतं, असा अहवाल त्या दर वर्षी देतात आणि समितीला तो समाधानकारक वाटतो.

रात्रीचं जेवण सगळे एकत्र घेतात. मी माझं ताट घेऊन लॅबमध्ये जात असे. उपकरणाजवळ कुणीतरी असावं लागतं, असं मी सांगितलं होतं. उपकरणाला तशी गरज नव्हती.

मी इथे का आलो हेही सांगायला हवं. माझी बायको शैलजा दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत गेली. त्या वेळी अल्फारेटातल्या आमच्या मराठी मंडळाने जी व्यवस्था केली तिला तोड नाही. कुणी कुठल्या दिवशी काय आणायचं याचा तक्ता ई-मेलवर फिरला. डब्यांवर नावं, तारखा आणि मायक्रोवेव्हची मिनिटं लिहिलेली होती. तेरा दिवसांत बटाट्याची भाजी आठ वेळा आली, यात मंडळाचा दोष नाही. बटाट्याने कुणाचं काही बिघडत नाही.

दहाव्याचा विधी काउंटीच्या पार्कात झाला. विनय गुरुजींनी (आठवडाभर डेटाबेस सांभाळतात, शनिवार-रविवार विधी) झाडाखाली पिंड मांडला. समोर पाइनवर चार कावळे होते. पिंडाला कावळा शिवेना, म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असणार, आणि ती पुरी करायचं वचन द्यायला हवं. मंडळाचे अध्यक्ष राजीव पुढे झाले. हात जोडून मोठ्याने म्हणाले, “वहिनी, प्रल्हादची काळजी करू नका. दर रविवारी आम्ही त्याच्याकडे येत जाऊ.” कावळे बघत राहिले. तेवढ्यात पार्कातल्या त्या जागेचं पुढचं बुकिंग फुगे घेऊन आलं. एका मुलीचा वाढदिवस होता. गुरुजींनी घाईने बॅगेतून दर्भाचा कावळा काढून पिंडाला टेकवला. शास्त्रात तशी सोय आहे. आपलं शास्त्र किती पुढचा विचार करतं हे अशा वेळी कळतं.

पहिल्या रविवारी चौदा जण आले. दुसऱ्या रविवारी चौघं. तिसऱ्या रविवारी मुलांचं सॉकर होतं. नंतर राजीवचा फोन येत असे. “काही लागलं तर सांग हं, संकोच करू नकोस.” मी संकोच केला नाही, मला काही लागतच नव्हतं. वचन मोडलं असं मी अजिबात म्हणणार नाही. ते गवताच्या कावळ्यापुढे दिलेलं होतं, आणि गवताला कुणी साक्षीदार धरत नाही. त्या ऑगस्टमध्ये मी या केंद्रासाठी अर्ज केला.

आता मूळ विषयाकडे येतो. फेब्रुवारीत शैलजाचं वर्षश्राद्ध आलं. श्राद्धाला कावळा शिवलाच पाहिजे असं काही नाही, असं विनय गुरुजींनी फोनवर सांगितलं. पण माझा दहाव्याचा बॅकलॉग होता. शैलजाला काय हवं होतं हे मला कळलं नव्हतं, आणि विचारायला ती नव्हती. कावळा तेवढा होता. इथला कावळा म्हणजे डोमकावळा. आपल्या कावळ्याच्या दुप्पट मोठा. बाकीचे सगळे पक्षी हिवाळ्यात निघून जातात. हा एकटा जनरेटरच्या धुराड्याजवळ बसून असतो.

केंद्राच्या प्रमुख ग्लेंडा या नेब्रास्काच्या. भल्या बाई. मी त्यांना सांगितलं की मला कावळ्याला मूठभर भात घालायचा आहे. त्या म्हणाल्या, वन्य प्राण्याला खायला घालायची बंदी आहे, पण विचारून बघते. समितीकडून उलट विचारणा आली: हा भात कचरा आहे की विज्ञान? कचरा असल्यास झाकणाच्या पिंपात टाकावा. विज्ञान असल्यास गृहीतक कळवावं. मी गृहीतक कळवलं: ‘मृताची राहिलेली इच्छा पुरी करण्याचं वचन दिल्यास कावळा भात खातो.’

समितीत तीन पक्षितज्ज्ञ होते. त्यांनी गृहीतकाला हरकत घेतली नाही. फक्त प्रयोगाला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, नाही, हा दोष दाखवला. म्हणून शेजारी दुसरा पिंड ठेवावा, तो कुणाच्याच नावाचा नसावा, असं ठरलं. विनय गुरुजींना विचारलं तर ते पोथ्या चाळून म्हणाले, “शास्त्रात याची सोय नाही, पण मनाईही सापडत नाही.” परवानगी आली. अस्वलावर पहारा, भाताचं वजन आधी आणि नंतर, आणि उरलेलं शीत न् शीत उचलणं, या तीन अटींवर.

भात अर्लने केला. अर्ल हा आमचा स्वयंपाकी, लुइझियानाचा, तोंडाने फटकळ. त्याच्या लांब दाण्याच्या तांदळाचा पिंड वळेना, म्हणून त्याने बटर घातलं. तीळ बेगल नावाच्या पावावरचे खरवडून घेतले. ते पांढरे निघाले. काळ्याच्या जागी पांढरे, असं मी मनात म्हटलं. सूर्य नुकताच परत आला होता आणि दुपारी क्षितिजावर थोडा वेळ टेकून जात असे. ती वेळ आम्ही धरली. अकराही जण बाहेर आले. त्या दिवशी फळ्यावर ‘आत’ कुणीच नव्हतं. हे नियमात बसत नव्हतं, पण विचारणाराही बाहेरच होता.

उणे तीसमध्ये पिंडाचा दगड व्हायला वेळ लागत नाही. दोन्ही पिंड बर्फावर ठेवून आम्ही मागे सरलो. ग्लेंडांनी सुरक्षिततेच्या सूचना वाचायला घेतल्या. त्या संपायच्या आत डोमकावळा खाली उतरला, दोन्ही पिंडांभोवती एक फेरी मारली आणि कंट्रोलचा पिंड खाऊन टाकला.

शास्त्र इथपर्यंत बरोबर होतं. कंट्रोलच्या पिंडामागे कुणाची इच्छा नव्हती. कावळा मग शैलजाच्या पिंडापासून हातभर अंतरावर बसला आणि आमच्याकडे बघू लागला. (पोट भरलं असेल, ही शक्यता अहवालात नोंदवली आहे.)

मी सगळ्यांना समजावून सांगितलं की आता वचन द्यायची वेळ आहे. ग्लेंडा म्हणाल्या, नवऱ्याच्या पुढच्या शोधनिबंधात मिसेसचं नाव येईल असं बघते. कावळा हलला नाही. शैलजाला माझ्या शोधनिबंधांचं कधी काही वाटलं नव्हतं. जनरेटरवाल्याने दारू सोडण्याचं वचन दिलं. ते तो दर महिन्याला देतो; कावळ्यालाही ते माहीत असावं. मीही काही बोललो: शैलजाचे कुंड्यांतले कढीपत्ते शेजारणीकडून परत आणीन, तिच्या बहिणीशी नीट बोलेन. कावळ्याने पंख झाडले, एवढंच.

मंडळाने या वेळी कॉन्फरन्स कॉल ठेवला होता. मी सॅटेलाइट फोन वर धरला. आमची मुलगी देवयानी क्युपर्टिनोहून बोलली, “आई, आय विल टेक केअर ऑफ बाबा. प्रॉमिस. बाबा, इज इट ईटिंग?” तिचं वचन मला पोचलं, कावळ्याला नाही. मग राजीव बोलायला लागले. “वहिनी, प्रल्हाद परत आला की आम्ही सगळे मिळून...” कुणीतरी मध्येच विचारलं, हू जस्ट जॉइन्ड? मागे कुणाचं तरी डिशवॉशर चालू होतं. दहाव्यापेक्षा उपस्थिती जास्त होती, असं मला नंतर कळलं. राजीवचं वाक्य पुरं व्हायच्या आत थंडीने फोनची बॅटरी गेली.

कावळा मान वळवून धुराड्याकडे बघायला लागला. तो आता उडणार, हे माझ्या लक्षात आलं. पुढे पिंड उचलायचा, त्याचं वजन करायचं, बाराव्या प्रकारच्या कचऱ्यात टाकायचा. समितीला काय लिहायचं ते मी जुळवू लागलो.

अर्ल ॲप्रनवरच कोट चढवून आला होता आणि पाय आपटत उभा होता. तो पुढे आला. मला म्हणाला, “हिचं नाव काय?”

“शैलजा.”

“शैला-जा,” तो कावळ्याला म्हणाला, “हा बावळट रोज ताट घेऊन लॅबमध्ये पळतो आणि अर्धं टाकतो. कचऱ्यात मला दिसतं. आजपासून तो माझ्या टेबलावर जेवेल. त्याला आवडो न आवडो. आता खा बाई, माझं सूप खाली लागतंय.”

कावळा दोन उड्यांत आला. पिंड दगडासारखा झाला होता. त्याने तीन-चार टोचे मारले, एक ढलपी उचलली आणि उडून गेला.

ग्लेंडांनी वजन केलं. शीतं उचलताना माझे हातमोजे काढावे लागले आणि बोटं दोन दिवस बधिर होती. शैलजा लग्नापासून माझ्यासाठी जेवायची थांबत असे. मी कितीही उशिरा आलो तरी दोन ताटं मांडलेली असायची. भूक लागली असेल तर जेवून घेत जा, असं मी सांगितलं की ती म्हणायची, एकट्याने काय जेवायचं. ही इच्छा म्हणून नोंदवायची असते हे मला त्या दुपारपर्यंत सुचलं नव्हतं.

समितीने अहवाल स्वीकारला. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढता येत नाही, पण प्रयोग पुन्हा करायला तितकाच जवळचा माणूस जावा लागेल, म्हणून निधी मंजूर झाला नाही. मात्र केंद्राच्या नियमांत एक कलम वाढलं: ‘हिवाळ्यात कोणीही एकट्याने जेवू नये.’ अर्ल त्याची अंमलबजावणी करतो. तो जेवताना बेसबॉलबद्दल बोलतो. मला बेसबॉल कळत नाही. मी पुढच्या हिवाळ्यासाठीही सही केली आहे.

हे सगळं मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहून दिलं, कारण राजीवने मागितलं. आपण ते घरात, उबेत बसून वाचत असाल. वाचून आपल्याला वाईट वाटेल. आपण शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाल, कुणीतरी प्रल्हादला फोन करायला हवा. जरूर सांगा त्या ‘कुणीतरी’ला. आणि तो कधी भेटला, तर माझाही नमस्कार कळवा. मी इतकी वर्षं अमेरिकेत आहे, सगळे त्याच्याबद्दल बोलतात, पण आमची अजून ओळख झालेली नाही.