पुलाच्या नावाची बैठक

विस्तार अधिकारी माणिकराव कनेरगाव नाक्यावर एका खोलीत एकटेच राहत. त्यांच्या पत्नी करुणाबाई सुनेच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या, त्या नातू बालवाडीत जायला लागला तरी परतल्या नव्हत्या. संध्याकाळी माणिकराव कपभर चहा करत, खिडकीतून ढाब्यावरचे ट्रक पाहत बसत, आणि ट्रक निघून गेले की दिवा लावत.

अशात आंतरजिल्हा सहकार्य व सलोखा निधीचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. नाल्याच्या अलीकडे हिंगोली जिल्ह्यातला तांडा, पलीकडे वाशीम जिल्ह्यातली वाडी. मधला फरशी पूल वाहून गेलेला. तो कोणत्या जिल्ह्यानं बांधायचा यावरून दोन्ही गावांचं बोलणं बंद होतं. निधी हवा असेल तर दोघांनी एकत्र बसून आराखडा करायचा, अशी अट होती. पण तांड्याचे सरपंच मोहनसिंग वाडीत पाय ठेवायला तयार नव्हते आणि वाडीचे सरपंच सादिकभाई तांड्यात. शेवटी बैठक माणिकरावांच्या खोलीवर ठरली.

पहिल्या दिवशी दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले. माणिकरावांनी शेजारून कप मागून आणले, भजी तळली. पुढच्या बैठकीला सादिकभाईंनी भज्यांत मीठ कमी असल्याचं सांगितलं, मोहनसिंगनी मान डोलावली, आणि सलोख्याला तिथून सुरुवात झाली. मग भराभर पुलाची जागा ठरली, उंचीही ठरली. दोघे उठायला लागले तशी माणिकरावांना ती खोली उद्या कशी दिसेल ते दिसलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पुलाला नाव पाहिजे. बिगर नावाचा आराखडा वर जात न्हाई."

असा नियम कुठेच नव्हता.

मोहनसिंगना चुलत्याचं नाव हवं होतं, सादिकभाईंना आजोबांचं. दोन्ही नावं जोडायचं ठरलं, तर आधी कुणाचं यावरून बिनसलं. आता दोघे वेगवेगळे येऊन आपली बाजू सांगू लागले. मागोमाग त्यांची माणसंही आली. माणिकराव सगळ्यांचं मन लावून ऐकत. शेजाऱ्यांनी कप परत मागितले, तेव्हा त्यांनी नवे विकत आणले. एकदा करुणाबाईंचा फोन आला, तर बैठक चालू असल्याचं सांगून त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच तो स्वतः ठेवला.

निधीची मुदत संपत आली, तशात सादिकभाईंच्या आई चाँदबी नाक्यावरच्या दवाखान्याला येताना नाल्यातल्या दगडावरून घसरल्या. पाय मोडला. तांड्यातून खाट आली. खाटेचं एक टोक मोहनसिंगनी धरलं, दुसरं सादिकभाईंनी, आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता दोघांनी म्हातारीला नाक्यापर्यंत आणलं.

माणिकराव दवाखान्यात धावत गेले. बाहेर बाकावर दोघे दोन टोकांना बसले होते.

"नावाची अट न्हाई," ते म्हणाले. "ती मीच घातली."

"काहून?" मोहनसिंगनी विचारलं.

माणिकराव चपलांकडे पाहत राहिले. "तुमी येत होते म्हणून. आराखडा झाला असता, मंग कोण आलं असतं?"

सादिकभाई आईजवळ गेले, मोहनसिंग रिकामी खाट घेऊन निघाले. आराखडा सह्या होऊन दुसऱ्याच दिवशी आला, पण शिपायाच्या हाती.

पूल झाला, बिननावाचाच. उद्घाटनाला दोन्ही जिल्ह्यांचे साहेब आले, फोटो निघाले. माणिकराव कडेला उभे होते. त्यांच्याकडे कुणी रागानं पाहिलं नाही आणि जेवायला चला असंही म्हटलं नाही. खोलीवर येऊन त्यांनी नवे कप कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले. पुढचे काही आठवडे दारावर फक्त दूधवाला आला.

मग एका संध्याकाळी खाली मोटारसायकल थांबली. मोहनसिंग चालवत होते, सादिकभाई मागे बसले होते. वर येताना दोघांचेही चेहरे गंभीर.

"साहेब, बैठक घ्या लागते," सादिकभाई म्हणाले. "आमचं पुन्हा बिनसलं."

"लई बिनसलं," म्हणत मोहनसिंग त्यांच्याच शेजारी मांडी घालून बसले.

माणिकरावांनी पेन उघडलं. "कशावरून?"

सादिकभाईंनी मोहनसिंगकडे पाहिलं. मोहनसिंगनी सादिकभाईंकडे. तेवढं ठरवायचं दोघांकडूनही राहून गेलं होतं.