नानांचं युरेनियम

आमच्या शेजारचे नाना म्हात्रे सकाळी दार उघडलं की आधी युरेनियमची बातमी देतात. इथे दूध उतू चाललंय, नळाला पाणी नाही, मला शाळेची घाई. आणि नाना दारात. "सुनंदा, आपलं युरेनियम चढलं गो!"

'आपलं' म्हणजे कॅनडातल्या एका खाण कंपनीचं. रोह्याच्या केमिकल कंपनीत शिफ्टा करून निवृत्त झालेल्या नानांनी मोबाईलवरून तिचे मोजून पाच शेअर घेतले आणि ते मालक झाले. आता पेणमध्ये बसून खाण चालवतात. मी इंग्रजी शिकवते, हा माझा गुन्हा. कंपनीचं प्रत्येक पत्रक मीच वाचून दाखवायचं.

यंदा कंपनीनं पैसा उभा करायला रोखे काढले. पैसे देणाऱ्याला व्याज मिळणार, वर पुढे वाटलं तर त्या रोख्यांचे शेअर करून घ्यायची मुभा. झालं! नाना पेटले. कोलाडला लग्नाला जाताना आमची एसटी वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकली, तर अख्ख्या गाडीला ऐकवलं, "आज उसने पैसे देनार, उद्या घरजावई होऊन बसनार! मग आमचा हिस्सा पातळ नाय होनार?"

मागच्या सीटवरची मावशी वैतागून म्हणाली, "मग विकून टाक ना बाबा!"

नाना इतके दुखावले, की पुढचं खांब गाव येईपर्यंत बोलले नाहीत. तेवढाच मला आराम.

मग कंपनीची वार्षिक सभा आली, ऑनलाइन, आपल्याकडच्या संध्याकाळी. भागधारकांनी प्रश्न लिहून पाठवायचे होते. इस्त्रीचा शर्ट घालून नाना माझ्या स्वयंपाकघरात, लॅपटॉपसमोर. रोख्यांचा प्रश्न त्यांनी इतक्यांदा बदलायला लावला की माझी आमटी करपली.

"आता पाठवू?"

"खोड ते."

"नाना!"

"खोड म्हनतो ना. लिही, खाणीत उतरनाऱ्यांच्या अंगावर किरणं मोजायचं यंत्र असतं, ते नेमानं कोन बघतं का?"

मी रागारागानं लिहून पाठवलं. थोड्या वेळानं अध्यक्षांनी 'म्हात्रे'ची पार मोडतोड करत प्रश्न वाचला आणि उत्तर दिलं.

"काय बोलला?"

"प्रत्येकाला यंत्र देतात. नेमानं तपासतात. काळजीचं कारण नाही म्हणाला."

नानांनी मोठा श्वास सोडला. "आमची वैशाली हाय तिथं. इंजिनियर. खाली उतरते."

त्यांची मुलगी कॅनडात आहे, एवढंच मला ठाऊक होतं. "अहो, मग तिलाच विचारायचं!"

"बाईमानसानं खाणीत जायचं नाय, असं बोललो व्हतो तिला. तवापासून माझा फोन उचलत नाय."

सभा संपली, पडदा काळा झाला, तरी नाना तिथेच बघत बसले होते.

"च्यायला," ते म्हणाले, "वेळेवर जेवायला मिळतं का, ते विचारायचं राहिलं. आता वरीसभर थांबायला लागंल."