परत आलं तरच पोचलं

दगडूभाऊंना ‘पोचलं’ हा शब्द मान्य नव्हता. लोणावळ्याच्या आमच्या तारघरात चहावाल्यानं ‘दोन चहा, एक बिनसाखरेचा’ ऐकून मान हलवली, तरी भाऊ त्याला हलू देत नसत. “काय सांगितलं? परत म्हन.” कुणी लग्नाला बोलावलं, तर तिथी, मुहूर्त, मांडव सगळं स्वतःच घडाघडा परत म्हणून दाखवत. “परत आलं तरच पोचलं,” हा त्यांचा वेद.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. भाऊ टेलिप्रिंटरचे मेकॅनिक. इथं टाइप केलं की देहूरोडच्या मशीनवर उमटायचं, तिथलं इथं. दुरुस्ती झाली की खटका आधी ‘लोकल’वर. मग आपलं लिहिलेलं आपल्याच कागदावर येतं, बाहेर काही जात नाही. ते जमलं की ‘लाइन’वर. “आदी घरचं नीट करावं, मंग भायेरचं,” असं ते आम्हाला शिकवत.

देहूरोडची लाइन मात्र ते रोज सकाळी तपासत, बिघाड असो वा नसो. इंग्रजी अक्षरांत एकच ओळ: जेवण झालं का. पलीकडच्यानं ती जशीच्या तशी परत पाठवायची. सकाळी दहाला कसलं जेवण, म्हणून आम्ही हसायचो.

पलीकडे त्यांचा मुलगा वसंता बसतो, हे मला हेडक्लार्कनं सांगितलं. त्यानं आपल्या पसंतीनं लग्न केलं, भाऊंनी घराचं दार लावलं, आणि चार वर्षं दोघांत अवाक्षर नाही. फक्त ही ओळ. ती येताना भाऊ कागदाकडे बघतच नसत, डोळे मिटून खडखड ऐकत. वसंता ‘का’च्या आधी जरा थांबायचा. बाप हट्टी, पोरगा त्याच्यावर ताण. एकानंही जास्तीचं अक्षर कधी टाइप केलं नाही.

एका सकाळी ओळ न थांबता, सरळ आली.

“आलं की परत,” मी म्हणालो.

“लाइन बराबर हाय,” भाऊ म्हणाले. “हात त्येचा न्हाई.”

मी देहूरोडला फोन लावला. वसंताची नागपूरला बदली झाली होती. निरोप काही नव्हता. मी सांगितलं ते भाऊंनी सवयीनं परत म्हटलं, “वसंताची बदली झाली. नागपूरला.”

मग त्यांनी खटका लोकलवर टाकला आणि दोन बोटांनी सावकाश टाइप केलं. मी वाकून वाचलं: व्हय बाबा, जेवलो.

तेवढा कागद फाडून त्यांनी खिशात ठेवला. दुपारी माझ्यानं माझा डबा उघडवला नाही.