मास्तरांचा मुका मार

शनिवारी सकाळी मास्तरांनी ठरवलं, की मुलीची फुटबॉलची मॅच बघायला जायचं, पण लपून जायचं. लपून अशासाठी, की मुलीने त्यांना मैदानबंदी केली होती.

मुलगी बारा वर्षांची. शाळेत तिला काय म्हणत असतील ते असो, घरात ती खारू. रांगणं संपल्यापासून ती पडद्यावर, कपाटावर आणि बापाच्या डोक्यावर चढत आलेली. परदेशात गेल्यावर भाड्याच्या घरात चढण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ती गोलकीपर झाली.

बंदीचं कारण मास्तरांचा आवाज. मायदेशी ते मराठी शिकवायचे, आणि शिकवत या वर्गात असले तरी पलीकडच्या वर्गात डुलक्या काढणारी पोरं दचकून उभी राहायची. पुढे बायकोला परदेशात पूल बांधणाऱ्या कंपनीत मोठी नोकरी लागली, आणि तिच्या सामानाबरोबर मास्तरही तिकडे गेले. तिथे त्यांना काम मिळालं ते लायब्ररीत, पुस्तकं जागच्या जागी लावायचं. म्हणजे पगार गप्प बसण्याचा! आठवडाभर तो आवाज पोटात कोंडलेला असायचा आणि शनिवारी मैदानाच्या कडेला उभं राहिलं, की कुकरसारखा सुटायचा. "खारू, डावीकडे! अगं, माझ्या नव्हे, तुझ्या डावीकडे!" आजूबाजूच्या आया आपापली तान्ही पोरं उचलून लांब जाऊन बसायच्या.

"बाबा, सगळ्या मला विचारतात, तुझे बाबा कुणाशी भांडतायत?"

"भांडत नाही गं, प्रोत्साहन देतो!"

"मग ते घरून दे ना. तिथेही ऐकू येईल."

तर मास्तरांनी बायकोची रुंद काठाची हॅट घातली, तिचाच काळा गॉगल लावला, गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि गोलच्या मागे एका झाडाआड जाऊन उभे राहिले. (झाड कोवळं होतं. मास्तर नव्हते.) अर्धी मॅच त्यांनी मफलर तोंडात कोंबून काढली. खारूने दोन गोल असे अडवले, की मफलर ओला झाला. पण उत्तरार्धात ती चेंडू घ्यायला पुढे धावली आणि एक उंच मुलगी तिच्या पाठीमागून येताना मास्तरांना दिसली. मग काय! मफलर एकीकडे आणि आवाज एकीकडे.

"खारूऽऽ! मागे बघ!"

खारूने मागे बघितलं. उंच मुलीकडे नव्हे, झाडाकडे. आईची हॅट, आईचा गॉगल आणि खाली बापाची मिशी, हे दृश्य ती डोळे विस्फारून बघत असतानाच उंच मुलीचा बूट येऊन तिच्या नडगीवर बसला.

मैदानावर आडवी पडलेली खारू जवळ आलेल्या हॅटकडे बघून एवढंच म्हणाली, "बाबा, तू आलासच?"

कोच म्हणाला, मी येतो बरोबर. मास्तर म्हणाले, काही गरज नाही. तिथल्या भाषेच्या वर्गाची दुसरी पायरी त्यांनी नुकतीच पार केली होती आणि त्याचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात, सासऱ्यांच्या फोटोपेक्षा वर लावलेलं होतं. बायको कुठल्याशा पुलाच्या पोटात तपासणी करत असल्यामुळे तिचा फोन लागत नव्हता. मास्तरांनी लेकीचे बूट-मोजे उतरवले, थंडी बाधू नये म्हणून तिला स्वतःच्या लांब कोटात नखशिखान्त गुंडाळलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

आता खारू तिथली भाषा तिथल्या पोरांसारखी बोलते. पण दारातच मास्तरांनी बजावलं, "हे बघ, मोठी माणसं बोलत असताना तू मध्ये तोंड घालायचं नाही. मी बोलतो. तू अगदी गप्प."

खारूने मान हलवली. एवढी आज्ञाधारक ती आयुष्यात कधीच नव्हती. तिथेच मास्तरांना शंका यायला हवी होती.

नर्सबाई आल्या. (पुढचं संभाषण तिथल्या भाषेत झालं. आपण ते मराठीत ऐकू. मास्तरांनीही तेच केलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.)

"काय झालं?" नर्सबाईंनी विचारलं.

हाड मोडलेलं नाही, रक्तही नाही, म्हणजे मुका मार, एवढं मास्तरांना ठाऊक होतं. त्यांचा शिक्षकी दंडक असा, की भाषांतर करावं तर शब्दाला शब्द. 'मार'ला तिथला शब्द त्यांना पाठ होता. 'मुका'लाही होता. दोन्ही जोडून त्यांनी ठणकावून सांगितलं. नर्सबाईंच्या कानी पडलं ते असं:

"मुलीला मारहाण झाली आहे. मुलगी मुकी आहे."

नर्सबाईंनी खारूकडे पाहिलं. "बाळा, तुझं नाव काय?"

खारूने बापाकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"तिला मी गप्प राहायला सांगितलंय," मास्तर प्रेमळपणे म्हणाले.

नर्सबाईंची लिहायची गती वाढली. "मारलं कुणी?"

मास्तर सत्यवचनी माणूस. आपण ओरडलो नसतो तर पोरीला लागलं नसतं, हे त्यांना मनातून खात होतंच. ते खाली मान घालून म्हणाले, "खरं सांगू? मीच."

"आणि... याआधीही?"

"दर शनिवारी काही ना काही असतंच. खेळकर आहे ना!"

"मग घरी तुम्ही काय करता?"

आता कुठे मास्तरांना आपल्या आवडीचा विषय मिळाला. "मी शेकतो," असं त्यांना सांगायचं होतं. 'शेकणे' हा शब्द वर्गात झाला नव्हता, पण रोजच्या पावाच्या पुडीवर छापलेला एक शब्द त्यांनी बरोबर हेरून ठेवला होता.

"आम्ही तिला भाजतो," मास्तर म्हणाले.

"भाजता?"

"मंद आचेवर. आधी तवा चांगला तापवायचा. मग दोन्ही बाजूंनी सारखं. घाई करायची नाही." पुढे कपड्याची घडी तव्यावर ठेवतात हेही सांगायचं होतं, पण 'घडी' आठवेना. "तिची आई तर माझ्यापेक्षा छान भाजते!"

नर्सबाई अतिशय गोड हसल्या, म्हणाल्या, "बसा हं, मी आलेच," आणि जाताना दार बाहेरून लावून घेतलं. केवढी ही आस्था, मास्तर मनात म्हणाले. आपल्याकडे कुणी इतकं विचारतं का?

थोड्या वेळाने निळ्या स्वेटरमधल्या एक बाई आल्या. खारूला चाकाच्या पलंगावरून पलीकडच्या काचेच्या खोलीत नेलं आणि मास्तरांना अलीकडे बसवलं. त्यांनी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "मी मुलांच्या सुरक्षिततेचं काम बघते. तुमची मुलगी आज आमच्याकडे राहील. पुढचं नंतर ठरवू."

"नको, नको, एवढा त्रास कशाला? मी नेतो ना घरी."

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही नेणार नाही."

हा शब्द मात्र पहिल्याच पायरीवर झालेला होता. मास्तरांनी काचेपलीकडे पाहिलं. बाई आत जाऊन खारूला काहीतरी विचारत होत्या, आणि खारूने कोटातून एक बोट बाहेर काढून सरळ बापाकडे रोखलं होतं. काय बोललो आपण? त्यांनी एकेक वाक्य आठवून पाहिलं. तव्यापाशी आल्यावर त्यांना घाम फुटला.

"खारू!" काचेवर हात आपटत ते ओरडले. "बोल! बोल गं माझे आई!"

एवढ्यात बाईंनी फोनवर दुभाषी जोडला होता. फोन स्पीकरवर होता आणि दुभाषी होत्या त्या एक मराठी मावशी. मास्तरांचा आवाज काच भेदून त्यांच्या कानापर्यंत पोचला.

"काय म्हणतायत ते?" स्वेटरबाईंनी विचारलं.

"मुलीला आई म्हणतायत," मावशींनी भाषांतर केलं. स्वेटरबाईंनी तेही लिहून घेतलं.

मास्तरांना आत बोलावण्यात आलं. मराठी आवाज ऐकताच त्यांचा बांध फुटला. "मावशी, वाचवा हो! मी नुसतं मुका मार म्हणालो! आणि आम्ही शेक देतो म्हणालो, तव्यावर, तर या बाईंना वाटतंय..."

"अगंबाई! शेक? तव्यावर? तुम्ही काय, 'भाजतो' म्हणालात की काय?"

"दोन्ही बाजूंनी!"

मग मावशी जे हसत सुटल्या, त्या थांबेचनात. "अहो... थांबा... सांगते..." म्हणायच्या, तिथल्या भाषेत दोन शब्द उच्चारायच्या आणि पुन्हा खो खो. बाप रडकुंडीला आलेला आणि दुभाषी खिदळतेय, हे बघून स्वेटरबाईंचा चेहरा आणखी गंभीर झाला. शेवटी मावशींना ठसका लागला आणि फोन बंद पडला.

आता उरली एकटी खारू.

"बाळ, तूच सांग गं," मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक, की लायब्ररीत बढती मिळाली असती.

खारू मराठीत म्हणाली, "मी मध्ये तोंड घातलेलं चालेल?"

"घाल! आरपार घाल!"

"आधी कबूल कर. मॅचला यायचं नाही."

'हो' म्हटलं की सुटका होती. पण मास्तरांना ते म्हणवेना. आठवडाभर पुस्तकं रचायची, शेजाऱ्यांशी मान डोलावून बोलायचं, दुकानात बोटाने दाखवायचं, आणि शनिवारचा तो एक तास आपल्या भाषेत, आपल्या लेकीच्या नावाने, पोटभर ओरडायचं. तेही गेलं तर मग उरलं काय?

"नाही येणार," ते अखेर म्हणाले. "तू घरी चल, बस. पण दुसरा गोल अडवलास ना, ती उडी... मफलर होता तोंडात, नाहीतर..." आणि गॉगलच्या खालून काहीतरी टपकलं.

खारूने हॅटकडे पाहिलं. "बाबा, ती हॅट काढ आधी." मग स्वेटरबाईंकडे वळली आणि तिथल्या भाषेत जी सुटली, ती सुटलीच. कोट बाजूला करून गोलकीपरचा मळका शर्ट दाखवला. झाड सांगितलं, मिशी सांगितली, तवा सांगितला. मध्येच तिने बापाची वाक्यं, बापाच्याच उच्चारात, म्हणून दाखवली. नर्सबाई आल्या, डॉक्टर आले, शेजारच्या खोलीतला एक पेशंट सलाइनचा स्टँड ढकलत आला. सगळे पोट धरून हसले. स्वेटरबाईंनी आपण लिहिलेलं सगळं खोडलं, कोचला फोन करून खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "मुलगी तुमच्याबरोबर घरी जाऊ शकते." पण मग खारूला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "तुला जायचंय ना नक्की?"

खारूने विचार केला. जरा जास्तच वेळ केला, असं मास्तरांना वाटलं.

"जायचंय," ती म्हणाली. मग मराठीत, "आणि बाबा, तू ये मॅचला. ओरड हवं तेवढं. पण उभं राहायचं ते समोरच्यांच्या गोलमागे. 'मागे बघ' त्यांच्या गोलकीपरला ऐकू येऊ दे."

हाड शाबूत होतं. आठवडाभर विश्रांती आणि एक कुबडी, एवढ्यावर भागलं. खारू ती कुबडी घेऊन कॉरिडॉरमध्ये उड्या मारायला लागली. मास्तर उठायला गेले, तर गुडघ्यांत जोरच नाही. लटलट कापत ते पुन्हा बसले. नर्सबाईंनी खारूसाठी आणलेली व्हीलचेअर मुकाट्याने त्यांच्यापुढे लावली.

आणि नेमकी त्याच वेळी पुलाच्या पोटातून बाहेर पडलेली, कोचचा निरोप मिळताच डोक्यावरच्या हेल्मेटसकट धावत सुटलेली मास्तरांची बायको कॉरिडॉरमध्ये शिरली. समोरून खारू एका हाताने कुबडी टेकत, दुसऱ्या हाताने व्हीलचेअर ढकलत येत होती. व्हीलचेअरमध्ये पांढरेफटक मास्तर. मांडीवर बायकोची हॅट.

"अगं, लागलं तुला म्हणाले ना?" बायकोला धाप लागली होती. "मग ह्यांना काय झालं?"

"काही नाही गं आई," खारू म्हणाली. "बाबा बोलला."